काट्यावर येण्याआधी

आमच्या महाविद्यालयाच्या मेसमागे, नळाजवळ एक कडुनिंब आहे. काही वर्षांपूर्वीच्या जुलैत त्याच्या आडव्या फांदीला आम्ही ताणकाटा टांगला. काटा गावातल्या भंगारवाल्याकडून उसना आणलेला, आकडा गंजलेला. भोवती पर्यावरण समितीची अकरा मुलं, हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल, आणि मी. मी संख्याशास्त्र शिकवते. या विषयात कधी वास सहन करावा लागेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

खरकट्याच्या बादल्या एकेक करून काट्याला लागत होत्या, एक मुलगा वजन ओरडून सांगत होता, मी वहीत मांडत होते. सात-आठ बादल्या झाल्या असतील. कट्ट्याला टेकून हा खेळ बघत असलेल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, बादलीचा धडा केलाय का?"

केला नव्हता, म्हणजे रिकाम्या बादलीचं वजन वजा धरलंच नव्हतं. बादल्या पत्र्याच्या. रिकामी बादलीच दोन किलोच्या पुढे भरत होती. एकच चूक एकाच दिशेने होत राहिली तर निरीक्षणं कितीही वाढवा, सरासरी सुधारत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत आले होते. मुलं हसली, मीही हसले, पान फाडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फाडलेलं पान ओल्यात टाकायचं की सुक्यात, यावर दोन मुलींची थोडी चर्चा झाली, कारण ते एव्हाना बरंच ओलं झालं होतं.

मावशी आमच्याकडे माझ्याही आधीपासून आहेत. ठेकेदार दोनदा बदलले, मावशी त्याच राहिल्या. सकाळी वर्ग झाडायचे, दुपारी वसतिगृह, संध्याकाळी कचराकुंड्या रिकाम्या करायच्या. जाताना त्यांच्या डोक्यावर एक पांढरं पोतं असायचं, बाटल्यांचं नाहीतर पुठ्ठ्याचं. ते पोतं मी इतकी वर्षं रोज पाहत होते की मला ते दिसतच नव्हतं.

हा खटाटोप सुरू झाला एका रकान्यामुळे. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी हरित लेखापरीक्षण हवं होतं आणि त्यात विचारलं होतं, तुमच्या परिसरात रोज किती घनकचरा तयार होतो? त्याआधीच्या अहवालात कुणीतरी ‘अंदाजे ५० किलो’ असं लिहून ठेवलं होतं. हा अंदाज कुठून आला ते शोधायला मी जुन्या फायली काढल्या. त्याच्याही आधीच्या अहवालात तोच आकडा होता. मधल्या काळात दोन नवीन इमारती उभ्या राहिल्या, मुलींचं वसतिगृह आलं, कॅन्टीनमध्ये कागदी कप आले, आणि पन्नास किलो आपल्या जागी ध्रुवाच्या ताऱ्यासारखे अढळ.

मी म्हटलं, मोजू या. वरिष्ठांनी मान हलवली, पण दाराशी थांबवून सांगितलं, "शंभरच्या आत बसवा म्हणजे झालं." शंभरला कारण होतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, दिवसाला सरासरी शंभर किलोच्या वर कचरा करणारी संस्था ही मोठी कचरा उत्पादक ठरायची आणि महाविद्यालयं-विद्यापीठं त्यात नावानिशी होती. शंभरच्या वर गेलं की ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, वर्गीकरण करायचं, म्हणजे खर्च आला. आम्ही काटा टांगला तोच अशा रीतीने, उत्तर आधी ठरवून.

आठ दिवस मोजायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी आषाढी एकादशी आली. मला वाटलं, आज मेसचं खरकटं घटणार आणि माझी सरासरी बिघडणार. घटलं कसलं! शेंगांची फोलपटं, बटाट्याची सालं, केळीची सालं, शहाळी. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण काट्याने खरी करून दाखवली. शुक्रवारी निम्मं वसतिगृह गावाला गेलं आणि आकडा धाडकन खाली आला. सोमवारी मुलं परतली ती डबे घेऊन. मधल्या वारांनीही एसटीने डबे येतात, आईने भाकरी-भाजी बांधून वाहकाच्या हाती दिलेली. त्या डब्यातली उरलेली भाकरी आमच्या कुंडीत पडते. कचरा म्हणून ती कुणाची? आमच्या संस्थेची की वीस मैलांवरच्या त्या स्वयंपाकघराची? आम्ही ती आमच्या नावावर मांडली. दुसरं काय करणार?

मग पाऊस. रात्रभर उघड्यावर राहिलेला पुठ्ठ्यांचा ढीग सकाळी जवळपास दुप्पट भरला. कागद तेवढाच, वरून आभाळाचं पाणी. ओला कचरा हा शब्द आपण सालं-खरकट्यासाठी राखून ठेवलाय, पण जुलैत सगळाच कचरा ओला असतो. जिथे ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात तिथे हा पाऊस कुणाच्या तरी खिशात पडतो, एवढं मला त्या सकाळी कळलं.

नमुना कसा घ्यायचा हेही पुस्तकात वाचून गेले होते. अमेरिकेत नगरपालिकेच्या कचऱ्याचं पृथक्करण करायची एक प्रमाण पद्धत आहे. तिच्यात एका वेळी ९१ ते १३६ किलोचा नमुना हाताने निवडायचा असतो. आमच्याकडे एवढा एकत्र कचरा जमवायचा म्हणजे शंभरची गोष्ट उघडी पडली असती. ढीग मोठा असेल तर तो कालवून गोल पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, उरलेल्याचं पुन्हा तसंच. मी हे मोठ्या गांभीर्याने समजावत असताना मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर माती परीक्षणाचं." त्याचे वडील दर दोन-तीन वर्षांनी उसाच्या रानातली माती अशीच चौकोन पाडून, अर्धा किलो उरेपर्यंत कमी करत तपासायला देतात. पुढचे पाच दिवस चौकोन पाडायचं काम त्याच्याकडे राहिलं. माझ्यापेक्षा तो ते कितीतरी चांगलं करायचा.

विद्यापीठं या कामासाठी फार सोयीची. भोवती भिंत, एकच फाटक, आणि फुकटात राबणारे हात. मेक्सिकोच्या उत्तर टोकाला, मेहिकाली शहरातल्या बाहा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या परिसरातला कचरा असाच निवडला. २००८ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधात रोजचा कचरा साधारण एक टन भरला आणि त्यातला ६५ टक्क्यांहून जास्त भाग पुन्हा वापरात आणण्याजोगा किंवा तशी शक्यता असलेला निघाला. कॅनडातल्या नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने प्रिन्स जॉर्जच्या आवारात मोजलं तर आठवड्याला १.२ ते २.२ टन, आणि त्यातलं सत्तर टक्क्यांहून अधिक उकिरड्यापर्यंत जायचं काहीच कारण नव्हतं: कागद, पेयांचे एकदाच वापरायचे कप, खरकटं. वाळवंटाच्या कडेचं एक गाव आणि बर्फातलं एक गाव, आणि ढिगात पुन्हा तेच. आमच्या कडुनिंबाखालीही तेच होतं, फक्त त्यांच्याकडे केळीची सालं इतकी नसावीत.

याच्या स्पर्धाही निघाल्या. २००१ साली ओहायो राज्यातल्या दोन विद्यापीठांनी, ओहायो आणि मायामी (हे मायामी समुद्राकाठचं नव्हे, ओहायोतलंच), माणशी कोण जास्त रद्दी-बाटल्या वेगळ्या काढतं अशी पैज लावली. पुढे शेकडो संस्था तीत उतरल्या. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० पासून जगभरच्या विद्यापीठांची हरित क्रमवारी लावायला सुरुवात केली, तिच्यात कचऱ्याला १८ टक्के वजन आहे. म्हणजे कचऱ्याच्या वजनालाही वजन. गुणांचं तक्तापत्रक आलं की माणसं काय करतात हे परीक्षा विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा.

माणशी म्हणताना माणसं किती धरायची, हा प्रश्न आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी आला. पटावर अडीच हजार. त्यातली वर्गात रोज दिसणारी हजारच्या आसपास. वसतिगृहात राहणारी तीनशे. पटाने भागलं तर आमच्याइतकी स्वच्छ संस्था जिल्ह्यात नाही. वसतिगृहाने भागलं तर आम्ही राक्षस. दोन्ही भागाकार बरोबर. अहवालात कुठला गेला ते सांगायला नको.

त्या रात्री घरी येऊन अंघोळ केली आणि मी देशांचे आकडे काढून बसले. मोठ्यांच्या घरी तरी हिशेब नीट असेल, असं वाटलं.

जागतिक बँकेने २०१८ मध्ये जगभरच्या कचऱ्याचा अहवाल काढला. २०१६ या एका वर्षात जगाने २०१ कोटी टन घनकचरा केला, माणशी दिवसाला सरासरी ७४० ग्रॅम. देशादेशांत ११० ग्रॅमपासून साडेचार किलोपर्यंत फरक. ती साडेचार किलोची बाजू बर्म्युडाची. तिथले लोक काय रोज टेबल-खुर्च्या फेकतात? तसं नाही. छोटं बेट, मूठभर वस्ती, बोटी भरून येणारे पाहुणे. कचरा सगळ्यांचा, भागाकार फक्त राहणाऱ्यांचा. आपल्या गोव्याचं तेच. पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्ती आणि वर्षभरात तिच्या कितीतरी पट पर्यटक. २०१६ मध्ये साळगावचा कचरा प्रकल्प सुरू झाला तो दिवसाला १०० टनांचा, पुढे तो २५० टनांपर्यंत वाढवावा लागला. किनाऱ्यावर बाटली टाकून संध्याकाळच्या गाडीने परतणारा माणूस गोव्याच्या पटावर नसतो. आमच्या एसटीच्या डब्यासारखंच हे.

मग मी भारत शोधला. इथे मात्र मी खुर्चीत सरळ बसले. त्या अहवालात २०१६ सालचा भारताचा कचरा आहे सुमारे २७ कोटी ७० लाख टन. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालात रोजचा आकडा १,६०,०३९ टन. वर्षाचा गुणाकार केला तर ५ कोटी ८४ लाख टन. देश एकच, मधे चार-पाच वर्षं, आणि फरक जवळपास पावणेपाच पट. कमी झालेला आकडा नंतरचा!

एवढा कचरा गेला कुठे? दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, हे उमजायला मला पेन्सिल घेऊन बसावं लागलं. मंडळाच्या अहवालात माणशी कचरा दिलाय ११९ ग्रॅम. १,६०,०३९ टनांना ११९ ग्रॅमनी भागून बघा. उत्तर येतं सुमारे १३४ कोटी, म्हणजे अख्खा देश. पण टनांची बेरीज आली आहे नगरपालिका-महानगरपालिकांकडून. वर शहरांचा कचरा, खाली खेड्यांसकट सगळी जनता. शहरांत राहणारे पंचेचाळीस-पन्नास कोटी धरून भागलं तर तेच टन माणशी सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम होतात. जागतिक बँकेने उलटं केलं असावं असं तिच्या आकड्यावरून दिसतं: दरडोई पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि तो सगळ्या देशाला लावलेला. एकाने खेड्यांचा कचरा शून्य धरला, दुसऱ्याच्या हिशेबात खेडंही शहरासारखंच कचरा करतं. माझ्या आजोळी परसात उकिरडा होता. शेण, राख, पाचोळा, भांडी घासलेली माती, सगळं त्यात जायचं आणि मृगाच्या आधी गाडीत भरून शेतात पडायचं. त्याला कचरा म्हणायचं की खत, यावर कोट्यवधी टन इकडचे तिकडे होतात.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा मला झोपू देईना. रोजच्या १,६०,०३९ टनांपैकी गोळा होतात १,५२,७५० टन. प्रक्रिया होते ७९,९५६ टनांवर, भरावभूमीत, म्हणजे कचरा गाडायच्या जागी, जातात २९,४२७ टन. उरलेल्या सुमारे ५०,६५५ टनांचा पत्ता नाही. जवळजवळ एक तृतीयांश. हे काही मंडळाने लपवलेलं नाही, स्वच्छ छापलंय. काही जळतं, काही नाल्यात जातं, काही शहराबाहेर ढीग होऊन पडतं, हे आपण डोळ्यांनी बघतोच. पण त्या पन्नास हजार टनांत काही पांढरी पोतीही असणार, डोक्यावरून गेलेली. तेव्हा माझ्या हे मनात आलं नाही. ते नंतर.

श्रीमंत देशांकडे बघून थोडा धीर आला, कारण गोंधळ तिथेही आहे. युरोपीय संघाच्या तक्त्यांत डेन्मार्क आणि ऑस्ट्रिया माणशी वर्षाला आठशे किलोच्या आसपास दिसतात, रोमानिया तीनशेच्या. डेन्मार्क काही रोमानियाच्या अडीचपट घाणेरडा नाही. तिथे बागेतलं गवत-फांद्याही मोजतात, दुकानं-कचेऱ्यांचा घरगुती धाटणीचा कचराही त्यातच धरतात, आणि गाडीत पडलेलं सगळं काट्यावरून जातं. जो नीट मोजतो तो तक्त्यात वर चढतो, आणि तक्ता छापणारे वर चढलेल्याला उधळ्या म्हणतात. आमच्या वरिष्ठांना हे फार पूर्वीच कळलेलं होतं!

अमेरिकेची गंमत निराळी. तिथली पर्यावरण संस्था २०१८ साली २९ कोटी टनांच्या वर कचरा झाला म्हणते (त्यांचा टन आपल्यापेक्षा थोडा लहान), माणशी रोज सव्वादोन किलोच्या आसपास. पण यातलं बरंचसं काट्यावर गेलेलंच नाही. देशात किती कागद बनला, किती आयात झाला, किती बाहेर गेला, खुर्ची किती वर्षं टिकते, फ्रीज किती, असा हिशेब करून कचरा काढतात. दुकानाच्या दारात उभं राहून उकिरडा मोजायचा. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसऱ्या टोकाला उभं राहून, भरावभूमींच्या वजनकाट्यांच्या नोंदी जमवून पाहिलं, तर २०१२ साली जमिनीत गाडलेला कचरा भरला २६ कोटी २० लाख टन. सरकारी अंदाज होता १२ कोटी २० लाख. दुपटीहून जास्त.

या सगळ्यांत मला आवडलेला माणूस म्हणजे विल्यम रथजे. अॅरिझोना विद्यापीठातला पुरातत्त्वाचा प्राध्यापक. माया संस्कृतीचे ढिगारे उकरणं हा त्याचा मूळ अभ्यास. १९७३ मध्ये त्याला वाटलं, हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची खापरं निवडून आपण त्यांचं जेवण सांगतो, तर शेजारच्याची बादली का निवडू नये? टूसॉन शहराच्या कचरागाड्यांकडून त्याने ठरावीक वस्त्यांतल्या पिशव्या मिळवल्या, घरांची नावं बाजूला ठेवली, आणि विद्यार्थ्यांना निवडायला बसवलं. घरोघरी विचारलेली माहिती आणि बादलीतला पुरावा समोरासमोर ठेवले. लोकांनी सांगितली त्याहून कितीतरी जास्त बिअर बादलीत सापडत होती. त्याहून मजेची गोष्ट गोमांसाची. १९७३ च्या वसंतात अमेरिकेत त्याची टंचाई झाली होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत ते टाकून देण्याचं प्रमाण नेहमीच्या जवळपास तिप्पट निघालं. माणसांनी घाबरून जास्त भरून ठेवलं, नेहमीपेक्षा वेगळे तुकडे घेतले, ते खराब झाले. टाळेबंदीतल्या आमच्या घरच्या कांद्यांची आठवण झाली.

पुढे रथजेने भरावभूमीच उकरल्या. लोकांची खात्री होती की डायपर, थर्माकोल आणि बाहेरच्या खाण्याची वेष्टनं यांनीच ती जागा भरली आहे. या तिन्हींचा वाटा फार थोडा निघाला, कागदाचा मात्र चाळीस टक्क्यांच्या वर. आणि जे कुजायचं ते कुजलंच नव्हतं. दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येत होती. त्यांच्यावरची तारीख पाहून तो थराचं वय सांगायचा. पुरातत्त्ववाल्याला याहून सुख ते काय?

विचारलं तर माणूस वेगळं सांगतो आणि बादली वेगळं सांगते, हे त्याचं म्हणणं मी मुलांना सांगितलं. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. अहवालात काय जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी अहवाल गेला. आठ दिवसांची सरासरी शंभरच्या खाली आली, काठावर, शनिवार-रविवारच्या कृपेने. मी मात्र त्यात एक परिच्छेद मनापासून लिहिला. सुक्या कचऱ्यातला मोठा भाग विकण्याजोगा आहे, पुठ्ठा-बाटल्या-कागद वेगळे ठेवले तर त्याला मोल आहे, असं. शेजारी किलोही मांडले. ते किलो मिळवायला मी मावशींना आठ दिवस पोतं भरू दिलं नव्हतं. "मोजून झालं की न्या," म्हटलं होतं. त्यांनी मोजून झाल्यावर नेलं.

तो परिच्छेद वाचला गेला. अहवालातला तेवढाच वाचला गेला म्हणा ना. पुढच्या सत्रात दरपत्रकं मागवली. मेसमागे जाळीची खोली झाली, तिला कुलूप. महिन्यातून एकदा टेम्पो येऊ लागला, संस्थेच्या खात्यात थोडे पैसे जमा होऊ लागले, आणि त्याचा फोटो दर्शनी फलकावर लागला: ‘कचऱ्यातून उत्पन्न’. फोटोत मीही आहे.

मावशी काही बोलल्या नाहीत. कट्ट्याला टेकून उभ्या राहायच्या त्या बंद झाल्या, एवढंच. दोन-तीन महिन्यांनी मला जिन्यात गाठून त्यांना विचारावं लागलं. म्हणाल्या, "तुम्ही वहीत मांडलंत ना मॅडम, मग ते कॉलेजचं झालं."

तोपर्यंत मला वाटत होतं की वजन हा वस्तूचा गुण आहे. तो काट्यावर आधीपासून असतो, आपण वाचतो. पोत्यात होतं तोवर ते भंगार होतं, मावशींचं. वहीत आलं आणि ती संस्थेची मालमत्ता झाली.

पुण्यातली गोष्ट मला माहीत होती, पण ती या अंगाने कधी वाचली नव्हती. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांबरोबर काम करू लागल्या. विद्यापीठाचा विभाग कचऱ्यापर्यंत गेला तो असा, शिकवायला. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने शेकडो वेचकांचं अधिवेशन भरलं आणि त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेने वेचकांना ओळखपत्रं मान्य केली. आणि मग त्यांनी मोजलं. या बायका रोज किती किलो उचलतात, ते गाडीत पडलं असतं तर पालिकेला वाहून न्यायला किती खर्च आला असता, असा हिशेब मांडला. त्या हिशेबाच्या जोरावर वैद्यकीय विम्याची मागणी पुढे गेली. २००८ च्या सुमारास स्वच्छ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. तीच किलोची भाषा, तोच काटा. फक्त काटा धरणारा हात वेचणाऱ्या बाईचा होता. आमच्याकडे तो माझा होता.

पुढच्या वर्षभरात मी समितीच्या तीन बैठकांत हा विषय काढला. पहिल्या बैठकीत चहा आला, दुसऱ्या बैठकीत "लेखापरीक्षणात अडचण येईल" आलं. तिसऱ्यात, टेम्पोवाल्याने दर पाडले म्हणून की आमची चिकाटी पाहून म्हणून कोण जाणे, जाळीच्या खोलीची किल्ली चार सफाई कामगार बायकांकडे राहील असं ठरलं. तोंडी. इतिवृत्तात नाही. मी इतिवृत्तात घ्या म्हणणार होते, पण सोबतच्या एका जुन्या सहकाऱ्याने टेबलाखालून पाय मारला.

यंदा पुन्हा मूल्यांकन. पुन्हा तोच रकाना, शिवाय नवा: पुनर्वापरासाठी दिलेला सुका कचरा, किलोमध्ये, मागील पाच वर्षांचा. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आलाय, त्याला धडा करायचं बटण आहे. पण मागची पाच वर्षं बटण दाबून येत नाहीत. मी मावशींना विचारायला गेले. साधारण किती असेल हो, महिन्याला?

त्यांनी पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. भंगारवाल्याच्या चिठ्ठ्या, पिवळ्या पडलेल्या, काही शाळेच्या वहीच्या पानावर, काही सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला. तारीख, पुठ्ठा, बाटली, कागद, पत्रा, किलो, रुपये. जाळीच्या खोलीच्या आधीची वर्षं, नंतरची वर्षं, मधली दोन वर्षं रिकामी. आठ दिवसांचा नमुना घेऊन मी संख्याशास्त्राच्या परिषदेत निबंध वाचून आले होते, आणि इथे वर्षानुवर्षांची मालिका रबरात गुंडाळून पडली होती.

"घेऊ का?" मी विचारलं. "झेरॉक्स काढून परत देते."

"वाचा," त्या म्हणाल्या. "लिहायचं नाही."

मी कट्ट्यावर बसून वाचलं. त्या शेजारी उभ्या राहिल्या. विसाव्या-पंचविसाव्या चिठ्ठीला लक्षात आलं की प्रत्येक चिठ्ठीत खाली एक ओळ आहे: बारदान वजा २ किलो. कुठे दोन, कुठे अडीच. पोत्याचं वजन म्हणून कापलेलं.

"रिकामं पोतं किती भरतं, मावशी?"

"पाव किलो पण नाही भरत."

"मग हे दोन-दोन किलो?"

त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून घेतला, रबर दोनदा फिरवून लावलं. "म्हणून तर ठेवल्यात," म्हणाल्या आणि घंटागाडी आली म्हणून बादल्या उचलायला गेल्या.